भुसावळचे लेथवाले काका आणि आमची पणजोबांच्या वेळची लिव्हरवाली छर्र्याची बंदूक

घरात जुनी छर्र्याची बंदूक पडून असेल, म्हणजे खरीच जुनी, नळीखाली लांब लिव्हर असलेली विलायती वगैरे, आणि तिचे पार्ट कुठेच मिळत नसतील तर भुसावळला जामनेर रोडच्या आतल्या एका गल्लीत एक लेथवाले काका आहेत त्यांना दाखवा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली येईलच, कामाचा नाही कापलेला एवढं आत्ताच सांगतो.

दुकानाला नाव असं काही नाहीये. पत्र्याची शेड, वरती 'येथे लेथचे व वेल्डिंगचे काम केले जाईल' एवढंच रंगवलेलं, तेही अर्धं उडालेलं, त्यामुळे गूगल मॅपवर शोधत बसू नका. काका रेल्वेत टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारे, होते, रिटायर झाल्यावर हे सुरू केलं, आता मुलगा वेल्डिंगचं बघतो आणि काका लेथचं. आणि मुख्य धंदा बंदुकांचा नाहीच, तो गैरसमज करून जाऊ नका. पंपाचे शाफ्ट, रावेरकडच्या केळी वेफर्सवाल्यांच्या मशीनच्या चकत्या, जिनिंगवाल्यांचे बुश, ट्रॅक्टर ट्रॉलीच्या पिना, हे रोजचं. बंदूक हा काकांचा नाद आहे. नाद म्हटलं की कामाला वेळ लागतो आणि काम नीट होतं, दोन्ही गोष्टी एकत्रच येतात.

आता बंदुकीबद्दल, कारण ते समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

आमच्या घरात तिला पिढ्यान्‌पिढ्या 'विंचेस्टर' म्हणतात. पणजोबांना ती भुसावळच्याच एका अँग्लो-इंडियन गार्डकडून मिळाली, जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या काळात, असं आमचे आबा सांगायचे, आणि खाली लिव्हर आहे म्हणजे इंग्रजी पिक्चरमधल्या काउबॉयची असते तीच, असा सगळ्यांचा हिशोब. काकांनी हातात घेतली आणि आधी हसले. त्यांनी जे सांगितलं ते असं की विंचेस्टरची लिव्हर म्हणजे ट्रिगरच्या भोवतीची कडी असते, बोटं आत घालून खाली-पुढे ढकलायची, त्यात रिकामं काडतूस बाहेर उडतं, मागे घेताना नवीन आत जातं, आणि त्याच हालचालीत घोडाही चढतो. १८७३ चं मॉडेल, मग १८९२ आणि १८९४ ची, ही शेवटची दोन्ही जॉन ब्राउनिंगने डिझाइन केलेली. ती सगळी बारूदची, खरी रायफल. आमच्या बंदुकीची लिव्हर नळीच्या खाली तिला समांतर पडलेली असते, ती खाली ओढली की आतला पिस्टन मागे जातो आणि स्प्रिंग दाबली जाते, खटक्यात अडकते. ट्रिगर ओढला की स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, पुढची हवा दाबली जाते आणि ती हवा छर्रा ढकलते. बारूद नाही, काडतूस नाही, काही नाही. तर आमची विंचेस्टर निघाली बीएसए, म्हणजे बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची. वरती तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केल्याचा शिक्का आहे तो काकांनी रॉकेलचा फडका मारून दाखवला, घरात एवढी वर्षं कुणी नीट पाहिलाच नव्हता.

माझा चुलतभाऊ लगेच म्हणे, बीएसए म्हणजे सायकलवाले ना? हो, नाव तेच. मूळ कंपनी १८६१ ला बर्मिंगहॅममधल्या बंदूकवाल्यांनी एकत्र येऊन काढलेली, मग सायकली, मग मोटारसायकली, आणि आपल्याकडे ज्यावर सगळे शाळेत गेले ती बीएसए एसएलआर सायकल इथे भारतात बनायची, नाव तेवढं तिकडचं. आणि ही लिव्हरवाली हवेची बंदूक लिंकन जेफरीज नावाच्या बर्मिंगहॅमच्याच बंदूकवाल्याचं पेटंट, १९०४ चं, बीएसएने १९०५ पासून ती बनवायला घेतली. त्यात हुशारी अशी की नळी हलत नाही. जत्रेत जी बंदूक मधून मोडून भरतात ना, तिची नळी दर वेळी वाकते आणि परत बसते, बिजागरी ढिली झाली की नेम गेला. हिची नळी जागच्या जागी फिक्स, त्यामुळे शंभरेक वर्षांनंतरही नेम टिकतो, जर बाकीचं धड असेल तर.

आमचं बाकीचं धड नव्हतं.

लिव्हर ओढली तर सटकन यायची, जोरच लागायचा नाही, आणि छर्रा नळीतून घरंगळल्यासारखा बाहेर यायचा. त्याआधी दुसऱ्या एका शहरात एकाकडे दाखवून झालेली होती, त्याचं नाव-गाव लिहीत नाही, पण त्याने जे करून ठेवलं होतं ते काकांना निस्तरावं लागलं. मूळ स्प्रिंगच्या जागी भलतीच लांब स्प्रिंग कोंबलेली, दोन स्क्रूचे आटे मारलेले, आणि छर्रा भरायच्या कॉकवर पान्याचे व्रण.

काकांकडे पहिली गोष्ट मला आवडली ती खोलायची पद्धत. ह्या बंदुकीत मागचा ट्रिगरचा ब्लॉक आट्यांवर सिलिंडरमध्ये बसवलेला असतो आणि त्याच्यापुढे, आतल्या बाजूला, स्प्रिंग दाबून भरलेली असते. सरळ फिरवत गेलात तर शेवटच्या आट्याला ब्लॉक तोंडावर येऊ शकतो. काकांनी टेबलावर एक लांब क्लॅम्प बनवून ठेवलाय, स्क्रूने मागून दाब देऊन हळूहळू सोडायचा. मोबाइलवर व्हिडिओ बघून घरी पाना लावणाऱ्यांसाठी सांगतो, नका करू, दात जातील. 'हे पाय भो, बारूद नाई म्हणून खेळणं समजू नको,' हे वाक्य मी तिथे बसलो असताना त्यांनी दुसऱ्याही गिऱ्हाइकाला ऐकवलं.

आतून काय निघालं तर पिस्टनच्या पुढचं चामड्याचं वायसर पापडासारखं कडक आणि कडेने तुटलेलं. आबा दर दिवाळीला त्यात खोबरेल तेल सोडायचे, आम्ही पोरं बघायचो, आणि तेल सोडल्यावर पहिल्या बारला धूर यायचा आणि मोठा आवाज व्हायचा म्हणून आम्हाला वाटायचं वा, काय पॉवर आली. काकांनी समजावलं की ती पॉवर नव्हे, दाबलेली हवा इतकी तापते की पुढे आलेलं तेल पेटतं, डिझेल इंजिनात होतं तसंच, आणि त्या धक्क्याने स्प्रिंग आणि वायसर दोन्ही खराब होतात. वरून खोबरेल थंडीत गोठतं. आपल्याकडे उन्हाळ्यात ४५ डिग्री असतं तेव्हा पातळ, पण डिसेंबरात पिस्टन चिकटून बसायचा तो ह्यामुळे.

वायसर त्यांनी स्वतः बनवलं आणि हे काम बघण्यासारखं आहे. चामडं झाडाच्या सालीत कमावलेलं लागतं, कोल्हापुरी चपलेला वापरतात त्या जातीचं, ते त्यांना बाजारातला एक चर्मकार आणून देतो. गोल चकती कापायची, पाण्यात भिजवायची, मग लोखंडी डायमध्ये वाटीच्या आकारात दाबून ठेवायची. असं चामडं ओलं असताना दाबलं की आकार धरतं आणि वाळल्यावर तसंच राहतं. पूर्ण वाळल्यावर लेथवर लाकडी गुटक्यावर बसवून धारदार टूलने कडा सारखी केली, सिलिंडरमध्ये घालून बघितलं, परत काढून थोडी घेतली, परत घातलं. बोटाने दाबल्यावर हळूच सरकलं पाहिजे, ढिलं नको आणि अडकायला नको. मग तेलात मुरवत ठेवलं. रॉकेलच्या स्टोव्हच्या पंपात चामड्याचं वायसर असायचं ते ज्यांनी बदललंय त्यांना कळेल, तत्त्व तेच, फक्त इथे माप फार काटेकोर. मी विचारलं रबराचं किंवा प्लॅस्टिकचं का नाही, ते टिकेल जास्त. तर म्हणे सिलिंडर जुना आहे, आतून थोडा खाल्लेला आहे, चामडं त्या खड्ड्यांना सांभाळून घेतं, कडक प्लॅस्टिक नाही घेणार. पटलं.

स्प्रिंगचं वेगळंच प्रकरण. मला वाटत होतं कडक टाकावी, जोर येईल. काकांनी आधीच्या माणसाने घातलेली लांब स्प्रिंग लेथच्या बेडवर ठेवून दाखवली. तिचे वेढे एकमेकांना भिडले की पुढे दाबायला जागाच उरत नाही, आणि खटका अडकायच्या आधीच भिडले तर माणूस लिव्हरवर जोर देत राहतो आणि लिव्हरची कडी वाकते नाहीतर पिन कापली जाते. आमची पिन अर्धी कापलेलीच निघाली. त्यांनी आमच्याच डब्यात सापडलेल्या जुन्या तुटक्या स्प्रिंगच्या तारेची जाडी व्हर्निअरने मोजली, वेढे मोजले, आणि त्याच मापाची जळगाव एमआयडीसीतल्या एका स्प्रिंगवाल्याकडून वळवून आणली, दोन्ही टोकं सपाट घासलेली. टोकं सपाट नसतील तर स्प्रिंग आत वाकडी बसते आणि सिलिंडर घासत राहते. बार केल्यावर झणझण आवाज येतो तो बऱ्याचदा ह्याच कारणाने. इंग्लंडमध्ये ह्या बंदुकांच्या नवीन बनवलेल्या स्प्रिंगा-वायसरं मिळतात असं मी काकांना सांगितलं, ऑनलाइन दाखवलं पण. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणे मागव ना मग, मी कुठी नाई म्हणतो. कस्टमच्या भानगडीत पडायची माझी हिंमत झाली नाही.

पण खरं काम होतं कॉकचं, आणि ह्याच्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितोय.

ह्या बंदुकीत छर्रा भरायला नळीच्या मागच्या टोकाला एक छोटा कॉक असतो. बारीक दांडी फिरवली की वरती भोक उघडतं, त्यात छर्रा टाकायचा, दांडी परत फिरवली की छर्रा नळीच्या रेषेत येतो. म्हणजे सगळी हवा ह्या कॉकच्या भोकातून जाते. कॉक निमुळता असतो, एका बाजूने जाड दुसऱ्या बाजूने बारीक, आणि आपल्या खोबणीत घट्ट बसलेला. वर्षानुवर्षं फिरून तो झिजतो आणि हवा कडेने पळते. काकांनी टिश्यू पेपरची पट्टी कॉकभोवती चिकटवून बार केला, पट्टी फडफडली, बस, निदान झालं, मशीन नको की काही नको.

सोपा उपाय असतो की व्हॉल्व्ह ग्राइंडिंगची पेस्ट लावून कॉक त्याच्याच खोबणीत फिरवून घासायचा म्हणजे दोघं परत जुळतात. आधीच्या मिस्तरीने तेच केलेलं, आणि प्रमाणाबाहेर केलेलं. कॉक निमुळता असल्यामुळे जितका घासाल तितका तो खोल उतरतो, आणि खोल उतरला की त्याचं भोक नळीच्या भोकाच्या रेषेतून बाजूला सरकतं. मग हवा अर्ध्या भोकातून जाते आणि छर्रा कडेला घासून तिरपा होतो. ह्यावर इलाज एकच, नवीन कॉक बनवायचा, थोडा जाड. काकांनी खोबणीचा निमुळतेपणा आधी मापून घेतला, लेथचं कंपाउंड (टूल तिरपं सरकवायचा भाग) तेवढ्या अंशात फिरवून पक्कं केलं, चांगल्या स्टीलच्या सळईतून कॉक कापला, निळा रंग लावून खोबणीत फिरवून बघितला की कुठे टेकतोय कुठे नाही. रंग सगळीकडे सारखा पुसला जाईपर्यंत हे चाललं. भोक त्यांनी सगळ्यात शेवटी पाडलं, कॉक जागेवर बसल्यावर, नळीच्या बाजूने खूण करून. मी विचारलं आधी का नाही पाडलं, तर माझ्याकडे असं बघितलं की मी दुसरा प्रश्न नाही विचारला. नंतर घरी येऊन विचार केल्यावर समजलं, बसवताना कॉक किती खोल जाईल ते आधी कुणाला माहीत असतं. शेवटी नुसता हलका हात मारून घासला. टिश्यूची पट्टी परत लावली, बार केला, पट्टी हललीसुद्धा नाही. काका काही बोलले नाहीत, मुलाला चहा सांगितला.

स्क्रूंचं पण सांगतो कारण इथे नव्वद टक्के मिस्तरी चुकतात (हा टक्का माझ्या मनाचा आहे). जुने इंग्लिश व्हिटवर्थ आटे ५५ डिग्रीचे, आपण बाजारातून आणतो तो एमएमचा स्क्रू ६० डिग्रीचा, आणि एका इंचात किती आटे तेही जुळत नाही. दोन-तीन फेरे आत जातो, मग अडतो, मग माणूस जोर करतो, मग गेलं. आमचे दोन स्क्रू असेच गेलेले. काकांनी टूल स्वतः ५५ वर घासून, लेथचे गिअर बदलून, दोन नवीन स्क्रू कापले. त्यांची लेथ जुनी आहे, इंचातली, हे इथे कामाला आलं. आजच्या नवीन दुकानात हे कुणी करणार नाही आणि करायला सांगितलं तर दुकानाबाहेर काढतील.

ट्रिगरच्या खटक्याला मात्र त्यांनी कानस लावली नाही. मला ट्रिगर जरा हलका हवा होता, सरळ नाही म्हटले. खटक्याचा कोन बिघडला तर लिव्हर उघडी असताना स्प्रिंग सुटू शकते आणि लिव्हर फाटकन परत येते, बोट मध्ये असेल तर तुटतं. फक्त पिनेचं भोक लांबट झालेलं ते साफ करून जरा जाड पिन घातली. ट्रिगर अजून जडच आहे, पण ठीक आहे, मला काय ऑलिंपिकला जायचंय. आणि हो, छर्रा भरताना लिव्हर पूर्ण बंद केल्याशिवाय कॉकला हात लावायचा नाही हे त्यांनी माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, शाळेतल्यासारखं.

पॉलिशवरून चुलतभावाचं आणि त्यांचं वाजलं. भावाला बंदूक क्रोम करून हवी होती, लग्नात मिरवायला. काका म्हणे बफिंग मारलं की हा तीन बंदुकांचा शिक्का आणि नंबर दोन्ही जातील, मग ती कुणाची का बंदूक आहे ते तुझ्या पोराले कोण सांगंन. गंज फक्त तेल आणि बारीक तारेच्या गुंडाळीने काढला, जुना काळसर रंग जेवढा उरलाय तेवढा ठेवला. भाऊ अजून नाराज आहे. मी काकांच्या बाजूने.

आता अर्धा मार्क.

एक, निरोप देत नाहीत. फोन केला तर मुलगा उचलतो आणि 'चालू आहे काम' म्हणतो, मग काम चालू असो किंवा बंदूक फळीवर पडून असो. मार्गशीर्षात तर विचारूच नका. दत्त जयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, एकमुखी दत्ताची, घोड्यांचा बाजार असतो तो, तिथे आणि नंतरच्या जत्रांमध्ये फुगे फोडायचे स्टॉल लावणारे लोक आपल्या बंदुकांचे गठ्ठेच्या गठ्ठे काकांकडे टाकून जातात, वायसर बदला, स्प्रिंग बदला. त्यांचं पोट त्यावर आहे म्हणून काका त्यांना आधी घेतात, आणि मला ते चूक वाटत नाही, पण मग गिऱ्हाइकाला तसं सांगा ना. दोन, बिल नाही. वहीच्या कागदावर पेनने आकडे, तेही मागितल्यावर. तीन, दस्ता. मनगटाजवळ, म्हणजे दस्ता जिथे हातात धरतात तिथे, लाकडाला चीर होती, अक्रोडाचं लाकूड आहे ते, काकांनी ते काम शेजारच्या सुताराला दिलं आणि त्याने सागाची पट्टी घालून चिकटवलं. मजबूत झालं, पण रंग वेगळा दिसतो, लांबून पण दिसतो. हे आधी विचारायला हवं होतं. आणि ज्या काकांनी क्रोमला नाही म्हटलं त्यांनीच नवीन केलेल्या दोन स्क्रूंची डोकी अशी चकाचक ठेवलीत की जुन्या बंदुकीवर तेवढीच चमकतात. मी म्हटलं, काका हे काय, तर म्हणे पावसाळा जाऊ दे, होतीन काळी.

पैसे एकूण ३,४०० गेले. त्यात कॉकचेच १,८००, वायसर ३००, स्प्रिंग ४५०, बाकी स्क्रू-पिना आणि सुतार. कॉकचं काम बघितल्यावर मला १,८०० कमी वाटले, खरं सांगतो. नवीन देशी एअरगन ह्याच्या आसपास येते हे मला माहितीये, कमेंटमध्ये ते सांगायची गरज नाही.

चालते कशी? जळगावला माझा एक मित्र एअर रायफल शूटिंगची प्रॅक्टिस करतो, त्याच्याकडे छर्र्याचा वेग मोजायचं यंत्र आहे. ८ ग्रेनच्या, म्हणजे साधारण अर्ध्या ग्रॅमच्या, छर्र्याला सेकंदाला ५०० फुटांच्या आसपास वेग आला, म्हणजे साधारण ६ जूल. आजच्या बंदुकांपुढे काहीच नाही, पण एवढ्या जुन्या यंत्राने सगळे बार जवळपास सारख्याच वेगाने टाकले, मित्र त्यालाच जास्त मानतो. १० मीटरवर बाटलीचं झाकण सोडत नाही. छर्रे मऊ शिशाचे घ्या, जत्रेतले कडक स्वस्तातले नको. आणि रिकामा बार करू नका, पुढे छर्रा नसला की पिस्टन थेट जाऊन आदळतो.

कायद्याचं विचारतील लोक म्हणून. आपली नंबर १ बोअरची आहे, म्हणजे .१७७, साडेचार एमएम, आणि जोर २० जूलच्या खूप खाली, त्यामुळे हिला लायसन्स लागत नाही. पण पाखरांवर, माकडांवर चालवायची नाही, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, आणि कायदा नसता तरी नाही. पत्र्याचा डबा हाणा.

बारूदच्या कुठल्याही बंदुकीला काका हात लावत नाहीत हे पण लिहून ठेवतो, उगाच कुणी घेऊन जाऊ नका. मी असताना सातपुड्याच्या बाजूचे एक पाव्हणे आले होते, त्यांच्या जुन्या वाड्यात खरीखुरी लिव्हर-ॲक्शन रायफल निघालेली, त्यांनी फोनवर फोटो दाखवला, विंचेस्टर १८९२ असावी असं काका म्हणाले, डोळे चमकले त्यांचे. ह्या मॉडेलच्या दहा लाखांच्या वर बनल्या होत्या म्हणे, तरी आपल्याकडे दिसते कुठे. लिव्हर पुढे जाते पण काडतूस वर उचलत नाही अशी तक्रार, आणि पाव्हणे म्हणे पाहिजे तेवढे पैसे घ्या, एक पार्टच तर बनवायचा आहे. काकांनी फोन परत दिला. १९५९ च्या आर्म्स ॲक्टमध्ये नुसती दुरुस्ती करायलासुद्धा वेगळं लायसन्स लागतं, बनवायला तर लागतंच, आणि पाव्हण्यांकडे रायफलीचं स्वतःचं लायसन्स आहे की नाही तेही धड सांगता येईना. अँटिक आहे, अँटिकला माफ असतं, असं ते म्हणत होते. माफी आहे, पण ती दुरुस्त करूनही चालणार नाही अशा जुन्या हत्याराला आहे, आणि हे तर चालू करायलाच आले होते. काकांनी त्यांना आधी पोलीस स्टेशनला कागद दाखवा, मग लायसन्सवाल्या बंदूकवाल्याकडे जा असं सांगून चहा पाजून पाठवलं. पाव्हणे गेल्यावर बराच वेळ त्या रायफलीच्या आत काडतूस वर उचलणारा भाग कसा चालतो ते मला खडूने जमिनीवर काढून दाखवत बसले. बनवायची किती इच्छा होती ते दिसत होतं, पण नाही म्हणजे नाही.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, दुपारी पत्र्याखाली उभं राहवत नाही. बंदूक गोणपाटात नीट गुंडाळून न्या, एसटीत खांद्यावर टाकून बसू नका, आणि आधार कार्डाची झेरॉक्स सोबत ठेवा, काका वहीत लिहून घेतात. घरात जुने तुटके पार्ट असतील, स्प्रिंगचा तुकडा, वाकडा स्क्रू, काहीही, ते सगळं डब्यात घालून न्या, फेकू नका, त्याच्यावरूनच ते माप काढतात. आणि देताना चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि दस्त्याला काही करायच्या आधी मला विचारा असं स्पष्ट सांगा. वेफर्सवाल्याचं मशीन तुमच्या आधी आलेलं असेल तर तुमचा नंबर त्याच्या मागे, तिथे ओळख चालत नाही, मी लावून बघितली.